आधी बाहेर पडायचा रस्ता, मग तिकीट

नागपुरात झिरो माइलचा दगड आहे, समुद्र नाही. पूर्वेला जा की पश्चिमेला, खाऱ्या पाण्यापर्यंत शेकडो किलोमीटर कापावे लागतात. मुंबई-चेन्नईतलं विशेष मूल मत्स्यालयाच्या दारात घरून नाश्ता करून उभं राहतं. आपलं पोरगं एक रात्र रेल्वेत किंवा अर्धी रात्र विमानतळावर काढून, अनोळखी उशीवर अर्धवट झोपून तिथे पोचतं. सहनशक्तीची अर्धी टाकी दारातच रिकामी झालेली असते. विशेष मुलांना मत्स्यालय किंवा मरीन पार्क दाखवायला कसं न्यावं यावर जे सल्ले वाचायला मिळतात, त्यात हा प्रवास धरलेलाच नसतो. म्हणून हे नागपूरच्या हिशोबाने.

तिकीट काढण्याआधी बाहेर पडायचा रस्ता शोधा. चालत बघायची बहुतेक मत्स्यालयं एकाच दिशेने बांधलेली असतात. आत शिरलात की वळसे घेत पुढेच जायचं, आणि शेवटी खेळण्यांच्या दुकानातून बाहेर. तेराव्या मिनिटाला मुलाने कान झाकून जमिनीवर बसकण मारली तर मागून येणारी गर्दी तुम्हाला मागे फिरू देत नाही. तेव्हा आधी ईमेल करून चार गोष्टी विचारा: मधूनच बाहेर पडायची वाट कुठे आहे, बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर परत आत येता येतं का, बसायला शांत जागा कुठे आहे, आणि व्हीलचेअर असेल तर लिफ्ट कुठल्या टोकाला आहे. फोनवर विचारलेलं दारातल्या माणसाला माहीत नसतं. ईमेलचं उत्तर छापून खिशात ठेवलं की वाद दोन मिनिटांत मिटतो.

आता कुठे जायचं. भारतात डॉल्फिनचे खेळ नाहीत. मे २०१३ मध्ये केंद्राने डॉल्फिनेरियमना परवानगी द्यायची नाही असं ठरवलं, ते अजून तसंच आहे. त्यामुळे आपल्याकडे 'मरीन पार्क' म्हणजे मोठं मत्स्यालय आणि त्यातला बोगदा. चेन्नईच्या ईस्ट कोस्ट रोडवरचं व्हीजीपी मरीन किंगडम २०१९ पासून आहे. नागपूरहून तमिळनाडू एक्स्प्रेस किंवा जीटीने एका रात्रीचा प्रवास. अहमदाबादच्या गुजरात सायन्स सिटीतली अ‍ॅक्वाटिक गॅलरी २०२१ ची, त्यात २८ मीटरचा बोगदा आहे. तिकडे थेट जाणारी प्रेरणा एक्स्प्रेस ठरावीक वारीच धावते, तेव्हा आधी गाडीचा वार बघा आणि मग सुट्टीचा. मुंबईचं तारापोरवाला १९५१ पासूनचं, पण त्याच्या भरवशावर बेत आखू नका. ते सुरू आहे का याची आधी चौकशी करा.

परदेशात नागपूरकरांना सोयीचं आखात. इथून शारजाला थेट विमान आहे, आणि शारजाहून अबुधाबीचं यास बेट गाडीने दीड-दोन तासांवर. तिथलं सीवर्ल्ड हे मरीन पार्क मे २०२३ मध्ये उघडलं. ते जवळजवळ सगळं बंदिस्त आणि वातानुकूलित आहे, ऑटिझमसाठीचं प्रमाणपत्र घेतलेलं आहे, आणि त्यातल्या एका टाकीत अडीच कोटी लिटर पाणी आहे. अशा प्रमाणपत्राच्या पार्कात संवेदनांचा तक्ता मिळतो: प्रत्येक राइडपुढे स्पर्श, चव, आवाज, वास आणि दृश्य यांना एक ते दहा गुण. तो घरीच उतरवून घ्या आणि आपल्या मुलाला जे इंद्रिय छळतं त्याच रकान्यात बघा. सरासरी काढून काही हाती लागत नाही. आवाजाला नऊ आणि बाकी सगळ्याला दोन असलेली राइड कागदावर सौम्य दिसते, आणि कानाच्या पोराला तीच सगळ्यात वाईट. शारजात उतरल्यावर पहिल्या दिवशी अल खानचं छोटं मत्स्यालय करा. अबुधाबीची रंगीत तालीम म्हणून ते फार उपयोगी आहे.

मुलाचा जीव एखाद्याच प्राण्यावर जडलेला असेल तर तो प्राणी तिथे आहे का हे आधी पक्कं करा. अबुधाबीच्या सीवर्ल्डमध्ये ऑर्का, म्हणजे काळा-पांढरा 'किलर व्हेल', नाही. १९६४ साली सॅन दिएगोत सुरू झालेल्या मूळ कंपनीनेही २०१६ मध्ये ऑर्कांची पैदास बंद केली. यूट्यूबवर वर्षभर ऑर्का उड्या मारताना बघितलेल्या मुलाला दारात 'नाही रे, तो इथे नसतो' सांगणं म्हणजे दिवस तिथेच संपवणं. महिनाभर आधीच यादी करा: हे दिसेल, हे दिसणार नाही. न दिसणाऱ्या प्राण्याच्या चित्रावर मुलाच्या हातानेच फुली मारून घ्या.

आणि डॉल्फिन थेरपी. कुणीतरी हमखास सांगतं की परदेशात डॉल्फिनसोबत पोहवलं की मुलं बोलायला लागतात. लोरी मरिनो आणि स्कॉट लिलियनफेल्ड या संशोधकांनी १९९८ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये या उपचारावरचे अभ्यास तपासले, तेव्हा त्या अभ्यासांच्या पद्धतीतच मोठे दोष निघाले. पोराला पाण्यात मजा येईल, ती खरीच. पण त्यासाठी एफडी मोडू नका. तेवढ्या पैशात नागपुरात काही वर्षांची स्पीच थेरपी होते.

मिनिटांचा हिशोब

ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) किंवा शाळा तुम्हाला 'त्याला गर्दी चालत नाही' एवढंच सांगेल. त्यावर सहल बांधता येत नाही. आकडा हवा. मुलाला मॉलमध्ये किंवा मेट्रो स्टेशनवर न्या, घड्याळ लावा आणि त्रासाची पहिली खूण कधी दिसते ते लिहा. पहिली खूण म्हणजे रडणं नव्हे, त्याच्या खूप आधीचं काहीतरी: शर्टाची कॉलर तोंडात जाते, गुणगुणणं चढतं, टाचा उचलल्या जातात, तोच प्रश्न तिसऱ्यांदा येतो, किंवा बोलकं मूल एकदम गप्प होतं. हे वेगवेगळ्या तीन दिवशी करा आणि तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा धरा. समजा ५२, ४० आणि ६५ मिनिटं आली, तर तुमचा आकडा ४०. प्रवासाचा शीण धरून त्यातले २५ ते २८ च वापरायचे, हा एक डाव, आणि मग पंधरा मिनिटं शांत जागी बसायचं. पहिली खूण दिसेपर्यंत थांबायचंच नाही. त्या आधी थांबलो की पुढचा डाव तेवढाच लांब मिळतो, खूण दिसल्यावर थांबलो तर निम्मा.

या हिशोबात भारतातलं मत्स्यालय दोन डावांत बसतं. यास बेटासारखा प्रचंड पार्क एका दिवसात बसत नाही, बसवायचाही नाही. आठ विभागांतले दोन निवडा. 'एवढे पैसे भरलेत तर सगळं बघू' या एका वाक्याने जेवढ्या सहली बिघडतात तेवढ्या मेल्टडाऊननेही, म्हणजे मुलाचा ताबा सुटण्यानेही, बिघडत नसतील.

तालीम नागपुरातच

सहा आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात माशांच्या दुकानात दहा मिनिटं, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. तिथे तीन गोष्टी कळतात: पाण्याच्या पंपाची घरघर चालते का, माशांच्या खाद्याचा वास चालतो का, आणि काचेवर हात आपटण्याची सवय आहे का. आपटत असेल तर तिथेच पर्याय शिकवा: तळहात पूर्ण पसरून काचेला चिकटवायचा आणि मनात दहा मोजायचे. नुसतं 'मारू नको' म्हटलं की हात रिकामा राहतो, आणि रिकामा हात पुन्हा आपटतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मेट्रो. सीताबर्डीला गाडी बदला. सामानाची तपासणी, अंगझडती, सरकता जिना, घोषणा, हे सगळं एका तिकिटात मिळतं. अंगझडतीवर थोडा जास्त वेळ द्या, कारण विमानतळावर ती टळत नाही. घरी हात फैलावून उभं राहायचा खेळ करा आणि लाकडी चमचा अंगावरून फिरवा. चौथ्या आठवड्यात रमण विज्ञान केंद्राचं तारामंडळ: एकदम अंधार, घुमणारा आवाज आणि डोक्यावर हलणारी दृश्यं. बोगद्याच्या सगळ्यात जवळ जाणारा अनुभव नागपुरात हाच. दाराजवळच्या खुर्च्या धरा. पाच मिनिटांत बाहेर यावं लागलं तरी तालीम झालीच. पाचव्यात गोरेवाड्याची सफारी, तिथे रांग लावणं आणि बसमध्ये बसून राहणं या दोन्ही गोष्टी होतात. सहावा आठवडा मोकळा ठेवा. जाण्याच्या तोंडावर नवीन काही नको.

दिवसाचा क्रम दाखवणारे चित्रांचे पत्ते (कार्ड) याच काळात करा. सहा ते आठ पुरे: रेल्वे किंवा विमान, हॉटेल, रांग, बोगदा, डबा, हॉटेल, घर. फोटो त्या जागेचेच असावेत, कार्टून नको. लॅमिनेट करून मागे वेल्क्रो लावा आणि संपलेला पत्ता मुलाने स्वतः काढून पिशवीत टाकायचा. शेवटचा 'घर'चा पत्ता विसरू नका. कोरा पत्ताही एक ठेवा, त्यावर प्रश्नचिन्ह. शार्क त्या दिवशी दिसला नाही, लिफ्ट बंद पडली, की तो पत्ता लागतो. न बोलणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईचं 'जेलो' अ‍ॅप मराठीत चालतं. त्यात 'बस' (पुरे), 'बाहेर', 'सू', 'आणखी' हे चार शब्द पहिल्या पानावर आणून ठेवा आणि तेच चार कागदावरही छापून गळ्यात अडकवा. जाड भिंतींच्या आत नेटवर्क मरतं, आणि फोनची बॅटरी तर तुमच्या व्हिडिओंनीच संपते.

बोगद्यात नेमकं काय बिघडतं

चार वेगळी कारणं असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून 'त्याला बोगदा आवडत नाही' यावर थांबू नका.

एक, डोळे. बाहेर रणरणतं ऊन आणि आत निळसर काळोख. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला मिनिटं लागतात. त्या मिनिटांत मुलाला जमीन दिसत नाही आणि ते घाबरतं. उपाय सोपा आहे. तिकीट दाखवल्यावर लगेच आत शिरू नका, आतल्या सावलीत चार-पाच मिनिटं उभे राहा. किंवा बाहेर असतानाच गॉगल लावा आणि आत शिरताना काढा.

दोन, तोल. बोगद्याची 'काच' म्हणजे जाड, वाकवलेलं अ‍ॅक्रिलिक. पाण्यातून अशा वाकलेल्या पत्र्यातून आलेला प्रकाश मोडतो आणि मासे आहेत त्यापेक्षा लहान दिसतात. डोकं हलवलं की चित्रही सरकतं. त्यात पाण्यावरच्या प्रकाशाच्या लाटा पायाखाली नाचतात. ज्या मुलांची तोलाची जाण नाजूक आहे त्यांना इथे गरगरतं आणि ती उलटी करतात किंवा मटकन खाली बसतात. अशा मुलाला मधोमध चालवू नका. भिंतीच्या कडेला, एक हात कठड्यावर आणि नजर एकाच माशावर. काही ठिकाणी सरकता पट्टा असतो, तो तर टाळाच. आत जाण्याआधी तासभर पोटभर खायला देऊ नका, पण उपाशीही नेऊ नका.

तीन, कान. अ‍ॅक्रिलिक, काँक्रीट, फरशी, सगळं कडक. आवाज शोषणारं काहीच नाही. शाळेची एक सहल आत शिरली की तोच गोंगाट दुप्पट होऊन परत येतो. कानावरचे इअरमफ आधीपासून घातलेले असावेत. मूल किंचाळायला लागल्यावर ते डोक्यावर चढवणं म्हणजे आणखी एक नको असलेला स्पर्श. मात्र दिवसभर घालून ठेवू नका, शांत जागी काढा, नाहीतर साध्या आवाजाचाही त्रास वाढतो. घरी आधी टीव्हीसमोर पाच-पाच मिनिटं सवय करा. कारखान्यात वापरतात ते इअरमफ लहान डोक्याला घट्ट बसत नाहीत, मुलांच्याच मापाचे घ्या.

चार, नाक. मासळीचा, खाऱ्या पाण्याचा आणि जंतुनाशकाचा मिळून एक वास असतो, पेंग्विनांच्या दालनात सगळ्यात उग्र. घरचाच वास सोबत न्या: आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा किंवा मुलाच्या साबणाने धुतलेला रुमाल. अत्तर-बाम नको, ते वासात वास मिसळतात.

जेलीफिशची खोली मात्र शोधूनच काढा. गर्दी तिथे जास्त वेळ थांबत नाही, आवाज कमी, हालचाल संथ आणि एकसारखी. कित्येक स्वमग्न मुलं शार्कपुढे दोन मिनिटं थांबत नाहीत आणि जेलीफिशपुढे वीस मिनिटं बसतात. बसू द्या.

कपड्यांचा रंग आतल्या उजेडाकडे बघून ठरवा. निळ्या प्रकाशात लाल आणि मरून काळे दिसतात, निळा तर विरघळूनच जातो. फ्लुरोसंट पिवळा-हिरवा टी-शर्ट गर्दीत उठून दिसतो. त्या दिवशी सकाळी, त्याच कपड्यांत, मुलाचा उभा फोटो काढून ठेवा.

हरवणं आणि पाणी

हा भाग सगळ्यात गंभीर आहे. बऱ्याच स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते आणि हात सोडून निघून जाणाऱ्या मुलांच्या मृत्यूंत बुडणं हे मोठं कारण आहे. मत्स्यालय तसं बंदिस्त असतं, पण बाहेरची कारंजी, उथळ कुंडं, हॉटेलचा पोहण्याचा तलाव हे धोके खरे. हॉटेलात तलावाकडे उघडणारी खोली घेऊ नका आणि दाराला वरची कडी आहे का ते सामान ठेवायच्या आधी बघा. मूल दिसेनासं झालं की आधी पाण्याकडे धावा, मग दुकानाकडे आणि दाराकडे. हे दोघा मोठ्यांनी आधीच वाटून घ्यायचं: एक पाण्याकडे, दुसरा बाहेरच्या दारावर.

मोबाइल नंबर हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. चिकटपट्टी सोसत नसेल तर पँटच्या आतल्या शिवणीला नावाचं कापड शिवून घ्या. गळ्यातलं कार्ड मुलं काढून फेकतात. परदेशात नंबरापुढे देशाचा कोड लिहायला विसरू नका, आणि तो फोन तिथे सुरू आहे ना तेही बघा. पाळीही मोठ्याने बोलून बदला: 'आता तुझ्याकडे.' दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय, आणि मूल नेमकं त्याच फटीतून निसटतं.

स्पर्शकुंड

तारामासा, समुद्रकाकडी, कधी लहान रे मासा. नियम सगळीकडे सारखाच, दोन बोटांनी हळूच, वर उचलायचं नाही. पूर्ण पंजाने दाबायची सवय असलेल्या मुलाला घरी कणकेच्या गोळ्यावर दोन बोटांची सवय लावा. हाताला सनस्क्रीन किंवा सॅनिटायझर असेल तर आधी साध्या पाण्याने धुवा, ते प्राण्यांना घातक. नंतर साबणाने. सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला इथे नेऊ नका. हातावर जखम असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तरीही नको, कारण खाऱ्या पाण्यातले काही जंतू जखमेतून शिरतात. पाणी थंड असतं; हात ओला राहणं सोसत नाही अशा मुलासाठी टॉवेल आधीच खांद्यावर हवा, बॅगेच्या तळाशी नको.

राइड आणि औषधं

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो. हिसके देणाऱ्या राइडआधी डॉक्टरांशी बोला. मुलाला काही दुखत नाही म्हणजे मान ठीक आहे, असं होत नाही. सेरेब्रल पाल्सी असेल तर प्रश्न धडाचा तोल आणि पट्ट्याचा: पट्टा कमरेला असेल आणि मूल पुढे कोसळत असेल तर राइड नको, मग उंचीच्या पट्टीत मूल बसत असलं तरी. कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या यंत्राचा) बाहेरचा भाग प्लॅस्टिकच्या घसरगुंडीआधी काढून ठेवा. घर्षणाने साठणाऱ्या विजेने त्यातलं प्रोग्रॅमिंग बिघडू शकतं. गळ्यात श्वासाची नळी असेल तर पाण्याच्या राइड वर्ज्य.

उजेडाच्या झगमगीने फिट येणाऱ्या मुलांसाठी स्ट्रोबचे, म्हणजे भराभर लुकलुकणारे, दिवे धोक्याचे, जेलीफिशमागचे सावकाश बदलणारे रंग त्यात येत नाहीत. झगमग सुरू झाली तर डोळे मिटून उपयोग नाही, पापणीतूनही प्रकाश जातो. एका डोळ्यावर तळहात पूर्ण दाबून ठेवा आणि मान वळवा. फिट पाच मिनिटांवर गेली की आपत्कालीन मदत. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे दिला असेल तर तो बॅगेत नव्हे, मोठ्या माणसाच्या खिशात. टोपिरामेट आणि झोनिसामाइड या फिटच्या औषधांनी घाम कमी येऊ शकतो. नवतपात, ४५ अंशांत रेल्वेस्टेशनवर उभं राहताना अशा मुलाचं अंग तापतं आणि घाम नसतो, म्हणून लक्षात येत नाही. ओला पंचा मानेवर आणि दर वीस मिनिटांनी पाणी. खरं तर अशा मुलांना घेऊन मे महिन्यात निघूच नये. डिसेंबर-जानेवारी बरा, नाताळचा आठवडा सोडून.

शो बघायचाच असेल तर पुढच्या रांगा ओल्या होतात, खाऱ्या आणि गार पाण्याने. मागची, कडेची, दाराजवळची जागा धरा आणि शेवटच्या गाण्याआधी उठा. शार्कला खायला घालायच्या वेळी माइक मोठा असतो आणि गर्दी एकाच काचेपुढे गोळा होते. त्या वेळी दुसऱ्या टोकाची दालनं ओस पडतात. तिकडे जायची वेळ तीच.

कागद

यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) मूळ आणि दोन प्रती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यात आहे, पण रेल्वेच्या सवलतीच्या यादीतला शब्द 'बौद्धिक अक्षमता' हा आहे. प्रमाणपत्रावर फक्त स्वमग्नता लिहिलं असेल तर खिडकीवर आधीच विचारून घ्या. सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या बौद्धिक अक्षम प्रवाशाला आणि सोबत्याला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के, सेकंड एसीत ५० टक्के सूट मिळते. विमानासाठी बुकिंगनंतर लगेच कंपनीला फोन करून 'डीपीएनए' हा कोड तिकिटावर घालून घ्या. बौद्धिक किंवा विकासात्मक अक्षमता असलेल्या, मदत लागणाऱ्या प्रवाशासाठीचा तो कोड आहे. व्हीलचेअरचा कोड वेगळा असतो, आणि काउंटरवर बरेचदा तोच टाकून मोकळे होतात.

आखातात औषधांचं प्रकरण कडक आहे. मेथिलफेनिडेट, क्लोनाझेपामसारखी औषधं नियंत्रित यादीत येतात. जाण्याआधी तिथल्या सरकारच्या ऑनलाइन अर्जावर परवानगी काढावी लागते. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, औषधाचं रासायनिक नाव, डोस आणि दिवस लिहिलेलं. औषध मूळ पाकिटातच ठेवा, आठवड्याच्या डबीत काढून नेऊ नका. आणि बाप्पा, खसखस! संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेली वस्तू आहे. मूल बाहेरचं खात नाही म्हणून घरचा सावजी मसाला, अनारसे, खसखस लावलेले लाडू बॅगेत घालणाऱ्यांनी ते घरीच ठेवावेत.

डबा आणि बाथरूम

निवडक खाणाऱ्या मुलाचा डबा आत नेऊ देत नाहीत, हा भारतात सगळ्यात जास्त होणारा वाद. वैद्यकीय कारणाचं एका ओळीचं पत्र आणि आधीच्या ईमेलचं उत्तर पुढे केलं की बहुतेक वेळा सुटतो. कोरडे मुरमुरे, खाकरा, साधी पोळी, जे घरी रोज चालतं तेच. त्याच ताटलीत, त्याच चमच्याने.

मोठ्या मुलांचा डायपर बदलायची जागा जवळपास कुठेच नसते. भिंतीवरचा पाळणा बाळांच्या वजनाचा असतो, त्यावर आठ वर्षांचं मूल ठेवू नका. जाड घडीची चटई न्या आणि दिव्यांगांचं स्वच्छतागृह वापरा. आई आणि बारा वर्षांचा मुलगा, बायकांचं की पुरुषांचं, हा प्रश्नही तिथेच सुटतो. पाण्यात साधा डायपर घालू नका, तो फुगून फुटतो आणि आतला जेल तलावभर होतो. पोहायचा डायपर लघवी शोषत नाही, म्हणून तो पाण्यात उतरायच्या अगदी आधी घालायचा. हात वाळवायची यंत्रं कानाच्या मुलांना भयंकर वाटतात. शिरण्याआधी बाहेर उभे राहून ऐका, आणि शेजारी कुणी हात वाळवत असेल तर थांबा.

बिनसलंच तर

बोलू नका. प्रश्न विचारू नका, समजावू नका, ज्या वाक्याला उत्तर लागतं ते वाक्यच नको. एक मोठा मुलाजवळ खाली बसतो, कडेला, समोर नाही. दुसरा पाठ मुलाकडे करून लोकांकडे तोंड करून उभा राहतो आणि वाट मोकळी ठेवतो. लोकांना सांगायचं वाक्य आधीच ठरवा, छोटं: 'ऑटिझम आहे, पाच मिनिटं द्या.' माफी मागत बसलात तर बघ्यांशी संवाद सुरू होतो. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्याच्या आणि मुलाच्या मध्ये छत्री उघडा. नागपूरकराच्या बॅगेत उन्हाची छत्री असतेच. उठवायचं असेल तर ओढू नका, पुढचा पत्ता हातात द्या. पहिल्या वेळी 'घर'चा पत्ता मागितला तर घरीच जायचं. तिकडे 'अजून एक टाकी बघू' म्हणून फसवलंत तर पुढच्या सहलीला तो पत्ता काही उपयोगाचा राहत नाही.

दुसऱ्या दिवशी काहीही ठेवू नका, शाळा तर नाहीच. रेल्वेने परतत असाल तर खालचा बर्थ आणि आडोशाचा कोपरा. घरी आल्यावर संध्याकाळी वहीत तीन आकडे लिहा: पहिला डाव किती मिनिटं चालला, कुठल्या दालनात संपला, आणि परत जेवायला किती वेळ लागला.